हात जड करण्याची सवय

कंपनीनं मला कोपराच्या उपचारासाठी थेट रहाटणीला पाठवलं, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी राहते महाळुंग्यात, कंपनी घरापासून चालत पंचवीस मिनिटांवर, चाकणात गल्लोगल्ली दवाखाने. आणि माझ्या एका कोपरासाठी ह्यांना रहाटणीतलीच बाई सापडते? एच.आर.चा साहेब गोड आवाजात म्हणाला, "ताई, त्या आपल्या पॅनेलवर आहेत." पॅनेलवर म्हणजे कंपनीच्या खिशात, एवढं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. तो पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला असतो आणि जगातल्या प्रत्येक माणसावर विश्वास ठेवतो. म्हणाला, "तुझा देवावर तरी विश्वास हाय का गं?"

मी म्हटलं, "देवानं अजून माझ्याकडून कुठल्या फॉर्मवर सही घेतली नाही."

पण माझा संशय काही हवेतून आलेला नव्हता. आम्ही गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस बनवतो. समोर उभा बोर्ड असतो, त्यावरच्या खुंट्यांमधून रंगीत वायरी अंथरायच्या, त्यांची जुडी करायची आणि तिच्यावर काळी टेप ताणून, घट्ट गुंडाळत न्यायची. पूर्ण शिफ्ट मनगट फिरत राहतं. पंधरा वर्षं फिरलं, आणि त्यातल्या शेवटच्या दीड वर्षात उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला एक जागा दुखायला लागली. आधी कपडे पिळताना, मग कढई उतरवताना, मग चहाचा कप उचलतानाही. सगळे म्हणाले, नस आखडली. एका बाईनं तेल लावून अशी रगडली की मी आठवडाभर डाव्या हातानं जेवले. कंपनीत दर मंगळवारी डॉक्टर येतात. त्यांनी डोकेदुखीला जी गोळी देतात तीच दिली. भोसरीत एकानं कोपरात इंजेक्शन दिलं. दीड महिना हात इतका छान होता की मी त्या डॉक्टरला दुवा देत होते. मग दुखणं परत आलं, ते आधीपेक्षा जास्त. मी पुन्हा गेले तर तो म्हणाला, अजून एक घेऊ. माझा दुवा मी तिथंच परत घेतला.

शेवटी सुपरवायझरनं मला लाइट ड्यूटी दिली. स्टुलावर बसून लेबलं चिकटवायची. तीन महिन्यांची मुदत, त्यानंतर कंपनी ठरवणार की मी लाइनसाठी फिट आहे की नाही. ऐकायला साधं वाटतं. पण आमच्या कंपनीत बायकांना लाइनबाहेर काम नाही. माझ्याआधी दोघींना लाइट ड्यूटी मिळाली होती, दोघींना नंतर अनफिट ठरवलं, आणि दोघी हार-नारळ घेऊन घरी गेल्या. मी नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली होती, दर सात महिन्यांनी ब्रेक घेऊन, परत घेतील की नाही ह्या धास्तीत. पर्मनंट झाले तेव्हा मी धाराशिवला फोन करून आईशी नुसती रडले होते. ते पर्मनंटपण आता माझ्या कोपरावर अडकलं होतं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी माणसांकडे जास्तच बारकाईनं बघते.

तर अशा मन:स्थितीत मी रहाटणीला गेले. फिजिओथेरपीच्या मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या निघाल्या. पायात स्पोर्ट्स बूट, केस वर बांधलेले. त्यांनी विचारपूस सुरू केली. तासाला किती हार्नेस करता? टेप ताणताना मनगट कसं असतं? घरी कपडे कोण धुतं? सगळं लिहून घेत होत्या. मी मनात म्हटलं, हे सगळं एच.आर.कडे जाणार. म्हणून मी अर्धं सांगितलं आणि जे सांगितलं तेही थोडं वाकवून.

मग त्यांनी माझ्या कोपरावर नेमकं बोट ठेवलं. मी कळवळले. त्या म्हणाल्या, "ही नस नाही ताई. ही कंडरा आहे. स्नायू हाडाला बांधून ठेवणारी दोरी म्हणा. तुमची ही दोरी झिजलीय, तिची वीण बिघडलीय. नुसत्या आरामानं ती नीट होणार नाही. तिला हळूहळू लोड द्यावा लागेल."

लोड! लाइनवर हा शब्द आम्ही रोज ऐकतो. आज लोड जास्त आहे, थांबा. लोड वाढलाय, रविवारी या. आणि आता दुखऱ्या हातालाही लोड. आजवर प्रत्येक डॉक्टरनं मला आराम करा म्हणून सांगितलं होतं, आणि ही एकटी, कंपनीच्या पॅनेलवरची, म्हणत होती की काम द्या. कंपनीच हिच्या तोंडून बोलतेय ह्याबद्दल मला तेव्हा तीळभरही शंका उरली नाही.

त्यांनी माझा हात टेबलावर ठेवला, मनगट कडेच्या बाहेर, तळवा खाली. हातात अर्ध्या किलोचा डंबेल दिला. म्हणाल्या, "असाच सरळ धरून ठेवा. पंचेचाळीस सेकंद जमतंय का बघू. थोडं दुखलं तरी चालेल." आणि त्यांनी मोबाइल उचलून स्टॉपवॉच लावलं.

माझा हात विसाव्या सेकंदाला खाली आला. मी तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, "नाही जमत."

खरं सांगते, जमत होतं. थोडं दुखत होतं, पण जमत होतं. मग मी हात खाली का सोडला, हे समजायला आमच्या लाइनवर यावं लागेल.

लाइनवर अधूनमधून टाइम स्टडीचा माणूस येतो. पांढरा शर्ट, गळ्यात स्टॉपवॉच, हातात पॅड. एकीच्या मागे उभा राहतो, एक हार्नेस व्हायला किती वेळ लागतो ते मोजतो आणि त्यावरून सगळ्यांचं टार्गेट ठरतं. आम्ही त्याला घड्याळवाला म्हणतो. मी नवीन होते तेव्हा तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि मी बावळट, साहेब बघतायत म्हणून जीव तोडून काम केलं. तो गेल्यावर शेजारच्या बोर्डवरची मावशी माझ्याजवळ आली. मावशी महाळुंग्याची मूळची. कंपनीत सगळ्यांत जुनी. आवाज न चढवता म्हणाली, "पोरी, घड्याळवाला आला की हात जड करायचा. तू एकदा दावलंस, की त्ये कायमचं झालं. आन् मग तुझ्या एकटीचं न्हाई, समद्यांचंच. आमी काय तुझं वाकडं केलंय?"

त्यानंतर मी कधीच चुकले नाही. हात जड करणं म्हणजे आळस नव्हे, ते शिकावं लागतं. टेप तेवढीच ताणायची, वेगही तोच दिसला पाहिजे, फक्त वायर उचलताना एक क्षण, क्लिप बसवताना एक क्षण, असे क्षण सांडत जायचे. घड्याळवाल्याला ताकास तूर लागू द्यायची नाही. पंधरा वर्षांत ते माझ्या अंगात असं भिनलं की घड्याळ दिसलं की हात आपोआप जड होतो, मला विचारतसुद्धा नाही.

रहाटणीत तेच झालं. आणि एकदा झालं म्हटल्यावर मी ते ठरवून करत राहिले. मॅडम विचारायच्या, "दहापैकी किती दुखतंय?" दोन दुखत असलं तर मी सहा म्हणायचे. मुठीची ताकद मोजायचं एक यंत्र होतं, ते मी असं दाबायचे की काटा जेमतेम हलावा. मॅडम वजन वाढवायला निघाल्या की मी कोपर धरून बसायचे. त्या बिचाऱ्या परत अर्ध्या किलोवर यायच्या. मी मनात म्हणायचे, कशी जिरवली! तुझ्या टार्गेटला मी बधणार नाही.

आठवड्यातून दोनदा महाळुंगे ते रहाटणी स्कूटीवर, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये ट्रकांच्या मधून. घरीही त्यांनी सांगितलेला अर्ध्या किलोचा व्यायाम मी इमानदारीनं करायचे. आणि कोपर होतं तसंच होतं. कढई उतरवताना दुखायचं, कपडे पिळताना दुखायचं. मला वाटायचं, ही बाई काही कामाची नाही. नाहीतर मुद्दामच बरं करत नाहीये. कंपनीला आमच्यासारख्या जुन्या बायका नकोच आहेत, ह्यांचं आतून ठरलेलं असणार. हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो ह्या वेळी हसला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, त्यामुळे मला जास्तच राग आला.

दहा आठवडे असे गेले. मग एच.आर.नं बोलावून सांगितलं की मॅडमचा रिपोर्ट मागवला आहे, पंधरा दिवसांत निर्णय होईल. मी विचारलं, "आतापर्यंतच्या रिपोर्टात काय आहे?"

साहेब म्हणाला, "सुधारणा काही दिसत नाही ताई. पहिल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच आहे."

मी बाहेर येऊन सायकल स्टँडपाशी उभी राहिले. तो कोरा रिपोर्ट कुणी लिहिला होता? मीच लिहिला होता, दर आठवड्याला दोनदा, हात खाली टाकून. पण तेव्हाही माझ्या डोक्यात हेच आलं की बघा, कशी नोंद ठेवली बयेनं!

त्याच आठवड्यात मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये स्कूटी लावत होते. जागा उताराची, म्हणून साइड स्टँड नको. मागची दांडी उजव्या हातानं धरली, पाय दिला आणि गाडी खेचून मेन स्टँडवर उभी केली. वर बघते तर मॅडम जिन्यात उभ्या.

त्यांनी आत गेल्यावर नेहमीसारखा हात टेबलावर घेतला आणि विचारलं, "ताई, ती स्कूटी तुम्ही उजव्या हातानं ओढलीत ना?"

मी म्हटलं, "पायानं लावली."

"दांडी उजव्या हातात होती. मी बघितलं." त्यांनी ते मुठीचं यंत्र माझ्यासमोर ठेवलं. "ह्याच्यावर तुम्ही मला जेवढी ताकद दाखवता, तेवढ्यात स्कूटी जागची हलणार नाही. मला खरं सांगा. मी काही चुकतेय का?"

त्यांचा आवाज रागाचा असता तर मी भांडले असते, भांडणाला मी कधी मागे हटत नाही. पण त्या खरंच विचारत होत्या. त्यांना वाटत होतं की त्यांचंच काहीतरी चुकतंय. मला एकदम लाज वाटली. मी त्यांना घड्याळवाल्याचं सगळं सांगितलं. मावशीनं काय शिकवलं ते सांगितलं. तुम्ही स्टॉपवॉच लावता तेव्हा मला काय होतं तेही सांगितलं.

ते यंत्र बाजूला सारून मॅडम म्हणाल्या, "ताई, मी इतके दिवस ज्या हाताला औषध देत होते, तो हात तुमचा नव्हताच. अर्ध्या किलोनं त्या कंडरेला काही कळतसुद्धा नसेल. तिला थोडे कष्ट पडले तरच ती स्वतःला नव्यानं विणते."

"मग आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून. पण घड्याळ मी लावणार नाही. तुम्हीच मनात आकडे म्हणा, मोठ्यानं नको. मला फक्त दुखणं खरं सांगा. चारपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच असलं पाहिजे, वाढलेलं नको."

मी विचारलं, "आणि रिपोर्ट?"

"तो मी बघते," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मला मुळीच आवडलं नाही. मी बघते म्हणणाऱ्या माणसांनी माझं बरंच काही बघून झालेलं आहे. पण पुढच्या आठवड्यात एच.आर.च्या साहेबानं तो रिपोर्ट मला वाचून दाखवला. मॅडमनी लिहिलं होतं की व्यायामाचं प्रमाण ठरवण्यात त्यांच्याकडूनच चूक झाली, वजन फार कमी ठेवलं गेलं, पेशंटला आणखी तीन महिने मिळावेत. माझा खोटेपणा त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाईपर्यंत मी विचार करत होते की ह्यात तिचा काय फायदा असेल. काही सापडलं नाही. तरी शोधत होतेच.

नंतरचे तीन महिने मी खरी कामाला लागले. पहिल्याच दिवशी एक किलोवर गेलो. मनगट वर घेताना तीन आकडे, खाली सोडताना तीन आकडे, अगदी सावकाश. दुखलं. मी तीन म्हटलं, खरोखर तीनच होतं. खरा आकडा तोंडातून काढताना मला कपडे काढल्यासारखं वाटलं. रात्रभर झोपेत धाकधूक होती, पण सकाळी कोपर जसंच्या तसं. मग दीड किलो, मग दोन. घरी एवढा जड डंबेल नव्हता तर नवऱ्यानं कापडी पिशवीत पाण्याची बाटली घालून दिली. मॅडमनी भांडं उचलताना तळवा वर ठेवायला शिकवलं, टेप ओढताना मनगटाऐवजी खांदा वापरायला शिकवला. मधे एकदा मी उत्साहात जास्त केलं आणि चार दिवस हात ठणकला. मला वाटलं, झालं, हीच चाल होती ह्यांची. मॅडम म्हणाल्या, "एक पायरी मागे जाऊ, बास." आणि खरंच, आठवड्यात ठणका गेला. अकराव्या आठवड्यात मी घरातली मोठी कढई भाजीसकट एका हातानं उतरवली आणि ओट्यापाशी एकटीच हसले.

मग फिटनेसचा दिवस आला. माझ्याच बोर्डवर एक तास काम करून दाखवायचं. कंपनीचे डॉक्टर, एच.आर.चा साहेब आणि, मला वाटलंच होतं, घड्याळवाला. टार्गेट तासाला अकरा होतं. शेजारच्या बोर्डवर मावशी मान खाली घालून आपलं काम करत होती.

मी घरून ठरवून आले होते की बरोबर अकरा करायचे. एक कमी नाही, एक जास्त नाही. पण काम सुरू केल्यावर साहेब डॉक्टरांच्या कानात काहीतरी पुटपुटला आणि माझ्या डोक्यात संशयाचा किडा वळवळला. अकरा केले तर म्हणतील, काठावर आहे. म्हणतील, आज जमलं, उद्या परत दुखेल, कशाला जोखीम घ्या. काठावरच्या माणसाला ढकलायला एक बोट पुरतं. आणि हात! हात दुखत नव्हता. दोन वर्षांनी पहिल्यांदा टेप अशी सरसर चालली होती की मला थांबवेना. तास संपला तेव्हा तेरा झाले होते.

डॉक्टरांनी तिथल्या तिथं फिट लिहून दिलं. मी नवऱ्याला फोन केला, मॅडमना फोन केला. मॅडम फोनवर ओरडल्याच आनंदानं.

तीन आठवड्यांनी बोर्डांवर नवीन कागद लागला. तासाला तेरा. नवरा म्हणतो, त्यांचं ते आधीच ठरलेलं असणार, तू निमित्त. मला तसं मानायला आवडलं असतं. कुणी मला काही बोललं नाही. जेवणाच्या सुट्टीत लाइनवरच्या बायका आधीसारखीच टेबलावर जागा देत होत्या, फक्त मी बसले की बोलणं भाजी काय आणली त्यावर यायचं.

मागच्या महिन्यात पाण्याच्या नळापाशी मावशी आणि मी दोघीच होतो. तिनं बाटली भरली आणि उचलताना हात बदलला. डाव्या हातानं कट्ट्यावर ठेवली आणि त्याच हातानं उजवा पोटाशी धरला. बोटं कुठं दाबत होती ते मी बघितलं. कोपराची बाहेरची बाजू, नेमकी तीच जागा.

मी म्हटलं, "मावशी, कधीपासून?"

"कशाचं?"

"कोपर. अंगावर काढू नकोस. रहाटणीच्या मॅडमकडे चल माझ्याबरोबर, मी गाडीवर नेते. लवकर गेलीस तर लवकर बरं होईल."

मावशीनं बाटलीचं झाकण लावलं. "कंपनीचीच ना ती?"

"नाही गं. मला पण तसंच वाटायचं. खूप चांगल्या आहेत त्या."

ती माझ्याकडे वळली. मग, पंधरा वर्षांपूर्वी बोलली होती तितक्याच हळू आवाजात म्हणाली, "तुला तेरा करायला कुनी सांगितलं व्हतं? त्या बाईनं, का सायबानं?"

"कुणीच नाही मावशी. शप्पथ. माझ्याच हातानं झाले."

"व्हय," मावशी म्हणाली, "आसंल." आणि तिनं मान डोलावली. एच.आर.च्या साहेबाचा एक शब्दही खरा न मानता त्याच्यापुढं मी डोलावते, अगदी तशी. मग दुखरा हात ॲप्रनच्या खिशात घालून ती आपल्या बोर्डकडे निघून गेली.